मॅन्युअलचाचांचं पहिलं पान

हवं तेव्हा आणि हवं तितकं बावळट होता येणं ही शेखचाचांची कला होती. मी लिहिलेला सूचनांचा कच्चा कागद समोर ठेवायचा, उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दावर टेकवायचं, आणि आयुष्यभराचं शहाणपण दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवल्यासारखं कागदात असेल तेवढंच करायचं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. 'खेळाडूचं नाव घ्या आणि गुण नोंदवा' असं मी एकदा लिहिलं होतं. चाचांनी नावाच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही, नुसतं बटण दाबलं. यादीत पहिल्या क्रमांकावर कोरी जागा आणि तिच्यापुढे नऊशे गुण! चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेटा, हे कोणतं भूत पहिलं आलं?"

"चाचा, नाव न लिहिता बटण कोण दाबेल?"

"मी दाबलं ना."

हे 'मी दाबलं ना' रोजचंच होतं. मी चडफडत कोड उघडायची आणि रिकाम्या नावाचं काय करायचं ते ठरवायची. ते मी सहा महिन्यांपूर्वीच ठरवायला हवं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे इंदिरानगरात एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाच माणसं, सहा खुर्च्या आणि एक कायम गळणारा वॉटर फिल्टर. आम्ही मोबाईलवरचे छोटे खेळ बनवायचो. खेळ कुठलाही असो, शेवटी एक काम ठरलेलं, कोणाचे किती गुण झाले आणि पहिले दहा कोण, ही यादी ठेवायची. दर खेळात तेच पुन्हा लिहायचा मला वीट आला, म्हणून मी ते एकदाच लिहून वेगळं काढलं. आमच्या धंद्यात अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. प्रत्येकाने घरी मसाला कुटण्यापेक्षा तयार पुडा आणावा, तसं. मालक निनादने ती लायब्ररी जगातल्या कोणालाही फुकट वापरायला द्यायचं ठरवलं, म्हणजे आमचं नाव होईल. पण पुड्यावर कृती लिहिलेली नसेल तर तो मसाला कोण घेणार? ती कृती, म्हणजे मॅन्युअल, लिहायला शेखचाचा आले.

रफीक शेख मूळचे येवल्याचे, पैठणी विणणाऱ्या घरातले. मागावर बसले नाहीत. आयटीआय करून सातपूरला एका कारखान्यात लागले. तिथे विजेची पॅनेलं बनायची. कुठलं काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगणारे कागद लॅमिनेट करून मशीनशेजारी टांगलेले असतात ना, ते लिहिणं हे चाचांचं शेवटच्या पंधरा-वीस वर्षांचं काम. कारखाना बंद पडला आणि निनादच्या वडिलांनी, ते तिथेच होते, त्यांना आमच्याकडे पाठवलं. पहिला आठवडा सगळे 'शेखसर' म्हणाले. मग कोणीतरी 'मॅन्युअलचाचा' म्हणालं आणि तेच चिकटलं. "यांना कॉम्प्युटरचं काय कळतं?" असं मी निनादला विचारलं होतं. "काहीच कळत नाही. म्हणून तर," निनाद म्हणाला. निनादच्या तोंडून मी ऐकलेलं शहाणपणाचं वाक्य हे एवढंच.

चाचा आधी हाताने लिहायचे. पाठकोरे कागद, निळं बॉलपेन, आणि फळ्यावर लिहितात तसं गोल, सुटं अक्षर. आधी मराठीत लिहायचे, मग त्याचं इंग्रजी करायचे. म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत शिकलेले असल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चोख होतं आणि इंग्रजी माझ्यापेक्षा गरीब. "वाक्यात एकच काम," हा त्यांचा नियम. "माणसाला हात दोन असले तरी डोकं एकच आहे." त्यामुळे त्यांचं इंग्रजी मॅन्युअल पहिलीच्या पुस्तकासारखं दिसायचं. हे करा. मग हे करा. आता यादी बघा. मला त्याची लाज वाटायची; जगभरचे प्रोग्रामर हसतील असं वाटायचं. मग एक दिवस ब्राझीलमधल्या कोणाची तरी ईमेल आली. त्याने लिहिलं होतं, माझं इंग्रजी कच्चं आहे, पण तुमचं मॅन्युअल वाचताना ते पक्कं असल्यासारखं वाटलं. मी चाचांना ते वाचून दाखवलं. चाचा खूश झाले, पण म्हणाले एवढंच, "त्याला लिही, माझंही कच्चंच आहे. म्हणून जमलं."

खेळ खेळणं मात्र चाचांना अजिबात जमायचं नाही. आमचा एक पक्षी उडवायचा खेळ होता. त्यात शाळेतली पोरं हजारांत गुण काढायची आणि चाचांचा पक्षी तिसऱ्या खांबाला डोकं आपटून पडायचा. तरी रोज खेळायचे. ज्या यादीबद्दल लिहायचं तिच्यात आपलं नाव चढताना आणि उतरताना बघितल्याशिवाय लिहायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांना सकाळी एकशे चाळीस गुण मिळाले आणि जेवणानंतर पुन्हा बरोबर एकशे चाळीस. स्वतःच्या फोनवरच्या यादीत त्यांनी नावं टाकली होती 'शेख सकाळ' आणि 'शेख दुपार'. यादीत दुपार वर होती.

"दुपारचा शेख वर कसा?" त्यांनी विचारलं.

"सारखेच गुण आहेत हो, चाचा."

"सारखे आहेत म्हणूनच विचारतोय. सकाळच्याने काय घोडं मारलंय?"

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. "नंतरच्याने बरोबरी केली, मात नाही केली. ज्याने आधी करून दाखवलं तो वर पाहिजे."

मी म्हटलं, एवढं काही बिघडत नाही. चाचांनी पेन उचललं. "ठीक आहे मॅडम, मग असं लिहितो. गुण सारखे असल्यास वर कोण येईल ते आम्हाला सांगता येत नाही. लिहू?" एरवी मी 'बेटा' असायची; 'मॅडम' झाले की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. मी कोड बदललं. मॅन्युअल लिहिता लिहिता चाचांनी माझ्या अशा किती चुका काढल्या त्याची मी मोजदाद ठेवली नाही. तेव्हा मला त्यांचा रागच यायचा. तीनदा पुढेमागे झालेली मुदत, निनादचे दर तासाचे फोन, घरी सासूबाईंचं दुखणं, आणि त्यात हा माणूस विचारतो, अकरावा आलेल्या खेळाडूचं काय होतं? काय होणार! जातो. "मग 'जातो' असं लिहायला पाहिजे," चाचा म्हणायचे, आणि लिहायचे.

प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी हव्यातच, हा त्यांचा हट्ट होता. एक 'लिहिले' आणि एक 'तपासले'. पुढे नावं. कारखान्यातली पद्धत. निनादला ते जुनाट वाटायचं. वेबसाईटवर कोण अशी नावं घालतं? पण चाचा ऐकेनात, आणि एवढ्या तेवढ्यावरून वाद नको म्हणून निनादने सोडून दिलं. लिहिले, रफीक शेख. तपासले, पुढे माझं नाव. मी त्यांना एकदा विचारलं, एवढं काय आहे या दोन ओळींत. तेव्हा त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. नवीन असताना त्यांनी लिहिलेल्या एका कागदात 'मेन स्विच बंद करा' ही ओळ तिसरी पडली होती. ती पहिली हवी होती. मशीनवरच्या माणसाने कागदाप्रमाणे केलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

"सगळे त्यालाच म्हणाले, तुला अक्कल नव्हती का रे," चाचा सांगत होते. "अक्कल होती बेटा. त्याने कागदावर भरवसा ठेवला. कागद चुकला की माणूस चुकतो, आणि दोष माणसाला देतात. त्या कागदावर माझं नावच नव्हतं. मी तोंड उघडलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं." त्यांनी तोंड उघडलं होतं. त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून आले होते. त्यानंतर नाव नसलेला कागद त्यांनी लिहिला नाही आणि वाचलाही नाही.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायचा कंटाळा येतो. कंटाळा हा शब्द सोयीचा आहे म्हणून वापरते.

आमच्या मॅन्युअलचं पहिलं पान होतं 'सुरुवात'. त्यात नवी यादी कशी बनवायची ते होतं. एक आज्ञा दिली की यादी तयार. पण त्याच नावाची जुनी यादी आधीच असेल, तर ती आज्ञा जुनी यादी न विचारता पुसून टाकायची. चाचांनी हे अर्थातच स्वतःची यादी पुसून घेऊन शोधून काढलं होतं. ते मला म्हणाले, पुसण्याआधी विचारायला लाव. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत करते. पुढची आवृत्ती ही आमच्या धंद्यातली फार सुखाची जागा आहे; सगळी चांगली कामं तिथेच व्हायची असतात. चाचांनी मान डोलावली आणि पहिल्या पानावर, आज्ञेच्याही वर, लाल चौकटीत मोठा इशारा लिहिला.

मग चाचा भाचीच्या निकाहसाठी चार दिवस येवल्याला गेले. त्याच चार दिवसांत निनादला पहिलं पान खटकलं. "एवढी लाल चौकट बघून लोक पळतील. पाच ओळींत सुरुवात झाली पाहिजे. जरा सुटसुटीत कर ना," तो म्हणाला. इशारा काढ असं तो म्हणाला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. सुटसुटीत कर म्हणाला. मी चौकट उचलली, दुसरीकडे कुठेतरी नंतर टाकू म्हणून ठेवून दिली आणि विसरले. पान खरंच छान दिसू लागलं. तळाशी तशीच दोन नावं होती. लिहिले, रफीक शेख. तपासले, मी. चाचा परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मी पेढा खाल्ला, नवरीची चौकशी केली, आणि चौकटीचं सांगायचं राहिलं. त्यांनीही पान पुन्हा वाचलं नाही. तपासणारीवर त्यांचा भरवसा होता.

पाच-सहा महिन्यांनी निनादच्या फोनवर एका शिक्षकांचा फोन आला. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत ते गणित शिकवायचे. शाळेतल्या टॅबलेटवर पाढ्यांचा एक खेळ होता. तो खेळ पुण्याच्या लोकांनी बनवलेला, पण आतली गुणांची यादी आमच्या लायब्ररीची. पुण्याच्या प्रोग्रामरने खेळाची नवी आवृत्ती काढताना आमचं पहिलं पान उघडलं, त्यातल्या ओळी जशाच्या तशा उचलल्या, आणि सगळ्या शाळांतल्या सगळ्या टॅबलेटवरच्या याद्या साफ पुसल्या गेल्या. पुण्याच्या लोकांनी सरांना आमचा नंबर देऊन हात झटकले होते. निनादने फोन स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे तिथेच होतो.

"सर, माझी एक विद्यार्थिनी आहे, सुनंदा म्हणून," ते शिक्षक सांगत होते. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त त्रास झाला. "तीन महिने यादीत पहिली होती. तिचे वडील तिला द्राक्षाच्या कामाला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना टॅबलेट दाखवला. म्हटलं, बघा, दादा, हे वर नाव आहे ना, ही तुमची पोरगी. पाच शाळांत पहिली आहे. ते परत गेले. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. मी त्यांना काय दाखवू?"

फोन ठेवल्यावर निनादने पहिलं पान पडद्यावर उघडलं. पाच ओळी आणि खाली दोन नावं. "चाचा, इथे इशारा द्यायला नको होता का?" त्याने विचारलं. त्याला आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. चाचा पडद्यावरचं पान बघत राहिले. खालपासून वर, वरपासून खाली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही; आपण रस्ता ओलांडताना बाजूला बघतो तितकंच.

"नाव माझं आहे," ते म्हणाले. "चूक माझी."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं. चौकट मी काढली. पण मी माझ्या लॅपटॉपकडे वळले. मी थकले होते, हे खरं आहे. त्या वर्षी आम्ही सगळेच थकलो होतो. दोघं आधीच सोडून गेले होते आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या डोक्यावर होतं. पण थकव्याने माणूस गप्प बसत नाही. भित्रेपणाने बसतो, आणि मग त्याला थकवा म्हणतो. 'तपासले'पुढे माझंही नाव होतं, ते कोणी वाचलं नाही, आणि मीही दाखवलं नाही.

चाचांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा चपलांना लाल माती होती. आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने पेठला जाऊन आले होते, तिथून पुढे जीपने त्या आश्रमशाळेत. सुनंदाच्या वडिलांना निरोप पाठवून बोलावून घेतलं, आणि कंपनीच्या कागदावर मराठीत लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं. यादी आमच्या चुकीने पुसली गेली, तुमची मुलगी पहिली होती, हे मी लिहून देतो. खाली सही. सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग काय म्हणाले वडील?" मी विचारलं.

"कागद घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाले, चहा घ्या."

"आणि मुलगी?"

"परीक्षा होईपर्यंत शाळेत ठेवतो म्हणाले. पुढचं त्यांनाही माहीत नाही, मला कसं माहीत असणार?" आणि चाचा पाठकोरे कागद काढून कामाला बसले. मी त्यांच्यासमोर बसून दिवसभर काहीतरी टाईप करत राहिले. काय ते आठवत नाही.

पुढच्या महिन्यात निनादने त्यांना कळवलं की आता नव्या मॅन्युअलची गरज नाही. पेठच्या प्रकरणामुळे नाही, तो पुन्हा पुन्हा म्हणाला. चाचांनी मान डोलावली. निरोपाला समोसे आणले होते. चाचांनी दोन समोसे खाल्ले, पेन खिशाला लावलं आणि प्रत्येकाला नाव घेऊन 'येतो' म्हणाले. तेव्हापासून आमची मॅन्युअलं यंत्र लिहितं. अर्ध्या मिनिटात वीस पानं येतात. वाक्यं गुळगुळीत असतात, एकेका वाक्यात चार-चार कामं असतात, आणि खाली कोणाचंच नाव नसतं. मी वरवर नजर फिरवते आणि 'ठीक' म्हणते.

वर्षभर मी चाचांना भेटायला जायचं ठरवत होते. काय बोलायचं त्याची वाक्यं मनात तयार करायची, खोडायची, पुन्हा करायची. मग गेल्या थंडीत त्यांच्या मुलाचा, इम्रानचा मेसेज आला. अब्बांना अॅटॅक येऊन गेला, आता घरी आहेत, तुमची आठवण काढतात. मी दुपारी ऑफिसातून निघाले आणि वडाळा रोडला त्यांच्या घरी गेले. चाचींनी दार उघडलं. "आओ बेटा, जाग रहे हैं," म्हणाल्या आणि मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. चाचा उशांना टेकून बसले होते. अर्धे झाले होते. मला बघून हसले तेव्हा गालांवर नुसत्या सुरकुत्या गोळा झाल्या.

चाची चहा टाकायला गेल्या, आणि मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरून एकदम म्हणाले, "चाचा, ती चौकट मी काढली होती. तुम्ही येवल्याला गेला होतात तेव्हा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"फोन आला त्या दिवसापासून. मी लिहिलेली चौकट मी विसरेन का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी पांघरुणाची कड सरळ केली. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "वाटलं, तू बोलशील."

मी रडले. लपवण्यासारखं काही नाही, चांगली हुंदके देऊन रडले. चाचा माझं होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, "आता बोललीस ना? झालं. चौकट परत घातलीस?"

पुण्याच्या लोकांनी त्यांचं कोड दुरुस्त केलं होतं. निनाद म्हणाला होता, पान पुढच्या आवृत्तीत बघू. आणि मी? ते पान उघडलं की खाली त्यांचं नाव दिसणार, म्हणून मी वर्षभर ते उघडलंच नव्हतं. वर्षभर मी रडले, झुरले, माफीची वाक्यं जुळवली. ते पान तसंच होतं. पाच ओळी, सुटसुटीत.

"नाही," मी म्हटलं.

चाचांनी डोळे मिटले. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझी माफी मागून काय होणार, बेटा? मला काय झालंय? ते पान आत्ता कोणीतरी वाचत असेल. तो काही माझ्याकडे येऊन बसणार नाही."

मी चहा न घेता उठले. खाली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून लॅपटॉप उघडला. मूळ चौकट मी कुठे ठेवली होती ती सापडली नाही, म्हणून आठवली तशी लिहिली. ही आज्ञा जुनी यादी पुसते. पुसलेली यादी परत येत नाही. आधी नक्कल काढा. लाल रंग दिला, आज्ञेच्या वर ठेवली, प्रसिद्ध केली. सात मिनिटं लागली. येणारे-जाणारे माझ्या पायांवरून वाट काढत होते आणि मी त्या सात मिनिटांकडे बघत बसले होते. परत वर गेले तर चाचांचा डोळा लागला होता. इम्रान कामावरून आला होता. "त्यांना सांग, पान दुरुस्त झालं," असं त्याला सांगून निघाले. कोणतं पान ते त्याला कळलं नसावं, पण तो हो म्हणाला.

पाचव्या दिवशी चाचा गेले. मला उशिरा कळलं. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चाचींपाशी बायका बसल्या होत्या. मी थोडा वेळ त्यांच्यात बसले. निघताना इम्रान दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलं. तुम्ही आला होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी मला मोबाईलवर ते पान उघडायला लावलं. वाचून दाखव म्हणाले. दोनदा वाचलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चांगलं आहे. पण तिला सांग, नक्कल काढा एवढंच लिहिलंय. ती नक्कल उघडून बघा, हे लिहायचं राहिलंय. माणूस नक्कल काढतो आणि निर्धास्त होतो. ती निघालीच नसेल तर?"

मूळ चौकटीत ते वाक्य होतं का, मला आठवेना. असणारच. मी घरी आले आणि ते वाक्य घातलं. आता पान कोणाकडून तपासून घ्यावं, ते मात्र मला कळेना.